मामा 'कावीळ होऊन' गेले, आता आईला हेपॅटायटिस बी निघाला: हा रोग घराण्यात असतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. गाव निपाणीजवळचं. तुमच्या आईची आई 'कावीळ होऊन' गेली. चार वर्षांपूर्वी मामा सेहेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेले आणि अगदी शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी लिव्हरचा कॅन्सर सांगितला. मामांनी दारूला कधी हात लावला नव्हता. आता आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर त्यात हेपॅटायटिस बी निघाला. गावातले आणखी दोघे असेच गेले म्हणून लोक पाण्याला दोष देतात. तुम्ही नेटवर 'लिव्हर कॅन्सरचा २२३ पट धोका' वाचलंत आणि तेव्हापासून झोप नाही. शेवटी जाता जाता लिहिलंत, की बहीण सहा महिन्यांची गरोदर आहे आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो. बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, तिला नाही.

बहिणीची एचबीएसएजी तपासणी, म्हणजे रक्तात हेपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी तपासणी, झाली का, हे आजच फोन करून विचारा. 'सगळ्या तपासण्या झाल्यात, नॉर्मल आहेत' एवढ्यावर थांबू नका, रिपोर्टचा फोटो मागवा. आपल्या सीमाभागात हमखास घडणारी एक गोष्ट सांगतो. मुलगी कागलला किंवा गडहिंग्लजला दिलेली असते. गरोदरपणाची नोंद तिकडे, कार्ड महाराष्ट्राचं. आठव्या महिन्यात ती निपाणीला, चिकोडीला माहेरी येते. इकडे कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड, कानडी रकाने, नवी नर्स. जुना रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतो आणि बाळंतपण रात्री दोनला होतं. बाळाला लस मिळते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा सुट्टी संपल्यावर. आई पॉझिटिव्ह असेल तर तेवढ्या तासांनी बाळाचं आयुष्य बदलू शकतं.

रिपोर्ट निगेटिव्ह असला तर छान. पॉझिटिव्ह असला तरी घाबरायचं कारण नाही, मात्र तयारी आत्तापासून करायची. तिच्या रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजायचं, म्हणजे हेपॅटायटिस बी डीएनए. ते मिलिलिटरमागे दोन लाख युनिटच्या वर असेल तर डॉक्टर शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिरची, म्हणजे विषाणू दाबणारी, गोळी देतात. ती बाळासाठी सुरक्षित आहे. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, लसीचा पहिला डोस एका मांडीत आणि इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दुसऱ्या मांडीत. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना नेहमीची पेंटाव्हॅलंट लस. एवढं नीट झालं तर बहुतेक बाळं लागणीपासून वाचतात. अंगावर पाजायला हरकत नाही, ते बंद करू नका. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक ठिकाणी फ्रीजमध्ये ठेवलेलं नसतं, म्हणून बाळंतपण जिथे करणार तिथे महिनाभर आधी जाऊन, रिपोर्ट दाखवून, 'हे इंजेक्शन त्या दिवशी इथे असेल का' असं स्पष्ट विचारा.

आता तुमचा मूळ प्रश्न. 'घराण्यात असतो का' हे तुम्ही विचारलंत, पण त्यामागे खरी भीती वेगळी आहे: आजी, मामा, आई, मग माझा नंबर. आजार घराण्यात फिरतो हे तुम्ही बरोबर पाहिलंत. पण तो रक्ताच्या नात्यामुळे वारशात येत नाही, तो बाळंतपणाच्या खोलीत येतो. हेपॅटायटिस बीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: विषाणू अंगात शिरला तेव्हा वय काय होतं?

जन्मताना किंवा पहिल्या वर्षात शिरला तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. एक ते पाच वर्षांच्या पोरांत साधारण तीस ते पन्नास टक्क्यांत. धडधाकट मोठ्या माणसाला लागला तर शंभरात पाचांपेक्षा कमी लोकांत तो राहतो. बाकीच्यांना कावीळ होते किंवा तीही होत नाही, आणि शरीर त्याला हुसकून लावतं. तान्ह्या बाळाचं शरीर या पाहुण्याला परका मानत नाही, म्हणून लढत नाही. लढत नाही म्हणून डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. आपल्याकडे याला 'पांढरी कावीळ' म्हणतात, ते नाव मला नेमकं वाटतं. माणूस शेतात राबतो, लग्न करतो, पोरंबाळं होतात, आणि तीस-चाळीस वर्षं लिव्हर आतून झिजत राहतं.

म्हणजे तुमच्या घरातली साखळी बहुधा अशी असावी: आजी वाहक होती, म्हणजे विषाणू तिच्या अंगात कायमचा होता, आणि तिच्याकडून मामा आणि आई दोघांनाही लहानपणीच लागण झाली. 'बहुधा' म्हणतो, कारण आजीची तपासणी कधीच झाली नसणार. पण आई आणि तिचा सख्खा भाऊ अशी जोडी दिसली की माझं बोट आधी आजीकडे जातं. मावशी आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर त्यांची तपासणी तुमच्याही आधी.

आता ते २२३. हा आकडा खोटा नाही, पण तो कुठून आला ते कळलं की त्याची धार बरीच कमी होते.

बारूख ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६५च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. तेच पुढे हेपॅटायटिस बीचं खूण-प्रथिन ठरलं, आज आपण ज्याला एचबीएसएजी म्हणतो ते. लिव्हर कॅन्सरच्या रुग्णांत ते वारंवार दिसू लागलं. पण मग शंका आली: विषाणूमुळे कॅन्सर होतो, की कॅन्सरने खंगलेल्या माणसाला, सुया आणि रक्त घेता घेता, विषाणू लागतो? रुग्णालयात बसून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी निरोगी माणसं आधी गोळा करावी लागतात, त्यांचं रक्त तपासून ठेवावं लागतं, आणि वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

पामर बीस्ली या अमेरिकन साथरोगतज्ज्ञाने तैवानमध्ये नेमकं तेच केलं. त्याने २२,७०७ पुरुष सरकारी नोकर घेतले. सरकारी नोकरच का? कारण त्यांचा विमा होता, त्यामुळे कोण आजारी पडला, कोण वारला, कशाने वारला याची नोंद हमखास मिळायची. त्यातले ३,४५४ जण हेपॅटायटिस बीचे वाहक होते. १९८१ साली पहिला निकाल छापून आला तोवर एकूण ४१ जणांना लिव्हर कॅन्सर झाला होता, आणि त्यातले ४० वाहकांपैकी होते. उरलेल्या एकोणीस हजारांत फक्त एक. भागाकार केला की २२३ पट येतात. विषाणू आधी, कॅन्सर नंतर, हे त्या दिवशी पक्कं झालं.

आता तेच आकडे उलट्या बाजूने वाचा. ३,४५४ वाहकांपैकी त्या तीन-सव्वातीन वर्षांत ४० जणांना कॅन्सर झाला, म्हणजे साधारण ८६ जणांत एकाला. हे थोडं नाही. पण 'मला होणारच' असंही नाही. शिवाय ते सगळे पुरुष होते, बहुतेकांना लागण लहानपणीच झालेली, आणि त्या काळी विषाणू दाबणारी गोळीच नव्हती. तुमच्या आईच्या बाबतीत लहानपणची लागण बहुधा सारखी आहे, पण बाकीच्या दोन गोष्टी नाहीत. 'किती पट' हा आकडा संशोधकाला कारण शोधायला लागतो. घरच्या माणसाने 'शंभरात किती, किती वर्षांत, कोणत्या वयाला' हे विचारावं.

वाहक वाहकांतही फरक असतो. तैवानमध्येच चेन चिएन-जेन यांच्या गटाने ३,६५३ वाहकांचा सरासरी अकरा वर्षांहून जास्त पाठपुरावा केला, निकाल २००६ साली आला. ज्यांच्या रक्तात विषाणू जवळजवळ सापडतच नव्हता त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण १.३ टक्के, आणि मिलिलिटरमागे विषाणूच्या दहा लाख प्रतींच्या वर होता त्यांच्यात १४.९ टक्के. म्हणून 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकून काहीच कळत नाही. विषाणू किती आहे आणि लिव्हरची अवस्था काय आहे, हे कळलं की बोलता येतं.

तुम्ही विचारलंत, 'आपल्या भागातली टक्केवारी का मिळत नाही?' माझं काम डॉक्टरकीपेक्षा नोंदींचं जास्त, बावीस वर्षं याच पट्ट्यात गेली, म्हणून यावर जरा सविस्तर बोलतो.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. नवरा वारून आठ महिने झाले होते. माणूस गेल्यावर घरच्यांना लक्षणं विचारून मरणाचं कारण शोधायची एक पद्धत आहे, त्याचा फॉर्म माझ्या हातात होता. मी विचारत गेलो: पाय सुजले होते का, पोट फुगलं होतं का, काळी शी झाली होती का, रक्ताची उलटी? त्या बाई प्रत्येकाला मान हलवत होत्या. मग उठल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढून माझ्यासमोर रिकामी केली. बेळगाव, गोवा, हुबळी अशा तीन गावच्या लॅबचे कागद होते. मी प्लेटलेटचे आकडे तारखेप्रमाणे जमिनीवर मांडले. एक लाख नव्वद हजार. दीड वर्षाने एक लाख चाळीस. पुढे ब्याऐंशी हजार. लिव्हर आक्रसत गेलं की त्यात येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, पाणथरी (प्लीहा) मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. तो उतरता आकडा म्हणजे सिरोसिस होत असल्याची तीन वर्षं आधीची चिठ्ठी होती. प्रत्येक ठिकाणी एकच कागद पाहिला गेला, तिन्ही एकत्र कुणी पाहिलेच नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं: कावीळ.

कावीळ हे लक्षण आहे. ते कारण म्हणून लिहिलं की मागची सगळी गोष्ट पुसली जाते. कॅन्सरची नोंद माणूस राहतो तिथल्या खात्यावर पडायला हवी, उपचार कुठेही होवोत. पण अथणी-कागवाडचा माणूस मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा गोव्याला, बाकीचे हुबळीला. पत्ता द्यायची वेळ आली की सोयीचा म्हणून पाहुण्यांचा पत्ता देतात. बीस्लीकडे विम्याचं रजिस्टर होतं. २०११च्या जनगणनेला पावणेअठ्ठेचाळीस लाख वस्तीच्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात कागद दोन राज्यांत आणि तीन भाषांत विखुरलेले आहेत. म्हणून मी तुम्हाला बेळगावचा आकडा सांगत नाही. देशाचा सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली भारतात हेपॅटायटिस बी असलेली माणसं २ कोटी ९८ लाख होती. तुमचं घर काही जगावेगळं नाही.

गावातल्या पाण्याबद्दल. पाण्यातून पसरते ती हेपॅटायटिस ए आणि ई. ती कावीळ धाडकन येते, घरोघरी येते, आणि बहुतेकांत महिन्या-दीड महिन्यात जाते. बी आणि सी रक्तातून जातात, बी शरीरसंबंधातूनही. एकाच गावात तिघे गेले असतील तर मी विहिरीकडे न बघता सुईकडे बघेन. आमच्या लहानपणी काचेची एकच सिरिंज स्टीलच्या डब्यात गरम पाण्यातून काढून अख्ख्या रांगेला टोचली जायची, आणि 'सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही' हे आजही ऐकतो. २००९ साली गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने हेपॅटायटिस बीची साथ येऊन बरीच माणसं दगावली. चिंचलीच्या, सौंदत्तीच्या जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदलं जातं, तीही वाट आहेच. मामांना किंवा गावातल्या त्या दोघांना २००१च्या आधी कधी रक्त चढवलं होतं का, हेही विचारा. त्या सुमारास रक्तपेढ्यांत हेपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली. सी असेल तर चांगली गोष्ट ही, की तो तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

एक गोष्ट मात्र खाण्यातली आहे, आणि आपल्या भागात तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते, तिचं विष म्हणजे अफलाटॉक्सिन. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं लिव्हर निकामी होऊन गेली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर तेच विष कॅन्सरला हातभार लावतं. शांघायमध्ये अठरा हजार पुरुषांच्या अभ्यासात नुसत्या विषाने धोका तिप्पट-साडेतिप्पट, नुसत्या हेपॅटायटिस बीने सातपट, आणि दोन्ही एकत्र असताना जवळजवळ साठपट दिसला. म्हणून आईसाठी घरातले दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, खवट लागणारे फेकून द्या. 'भाजून चटणीत घालू' नको, भाजण्याने ते विष पुरतं जात नाही. शेंगा काढल्यावर नीट वाळवल्याशिवाय पोत्यात भरू नका.

आता आईचं. ऑपरेशन व्हायचं तेव्हा होईल, आधी हे करून घ्या: विषाणूचा डीएनए, एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का ते सांगणारी रक्ततपासणी), प्लेटलेट, पोटाची सोनोग्राफी, आणि मिळाल्यास फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी). राष्ट्रीय हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ला सुरू झाला. त्यात तपासणी आणि टेनोफोव्हिर मोफत आहे, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. गोळी लगेच सुरू करायची का, हे खरोखर रिपोर्टवर अवलंबून आहे आणि ते मी इथे बसून सांगू नये. पण डॉक्टरांसमोर एक वाक्य न विसरता बोला: 'सख्खा भाऊ लिव्हर कॅन्सरने गेलाय.' २०२४च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत घरात लिव्हर कॅन्सर किंवा सिरोसिस असणं हे स्वतःच गोळी सुरू करायचं एक कारण धरलं आहे. 'तुम्ही नुसत्या वाहक आहात, काही करायचं नाही' असं कुणी दहा सेकंदांत सांगितलं, तर दुसरं मत घ्या.

गोळी सुरू झाली की आपल्या मनाने बंद करायची नाही. 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली की विषाणू उसळतो आणि लिव्हर एकदम बसू शकतं. कावीळ उतरवणारी जडीबुटी, नाकात थेंब, मनगटावर डाग, काही नको. कुणी पुढे सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड देऊ लागलं तर आधी हा आजार सांगा. आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, दुखत असो वा नसो. लिव्हर दुखायला लागेपर्यंत गाठ मोठी झालेली असते. दोन-तीन सेंटिमीटरला सापडली तर काढता किंवा जाळता येते. हेपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस नसतानाही कधी कधी कॅन्सर होतो, म्हणून 'लिव्हर चांगलं आहे' या कारणाने सोनोग्राफी चुकवू नका.

तुम्ही, वडील, मामी, मामांची मुलं, सगळ्यांनी तीन तपासण्या एकदम करा: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस, आणि अँटी-एचबीसी टोटल. पहिली सांगते विषाणू आहे का, दुसरी सांगते संरक्षण आहे का, तिसरी सांगते कधी येऊन गेला का. तिन्ही निगेटिव्ह आले तर शून्य, एक आणि सहा महिन्यांनी लसीचे तीन डोस घ्या. ही लस देशभर २०११ साली पोहोचली, म्हणजे तुमच्या वयाच्या माणसाला ती लहानपणी मिळाली असण्याची शक्यता कमी. आईचं ताट-वाटी वेगळी करू नका, तिच्या हातचं खा, जवळ बसा, याने काही होत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, नेलकटर, टूथब्रश आणि कानातलं.

तैवानने १९८४ साली वाहक आयांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर निम्म्याच्या आसपास आला: लाखात ०.७० वरून ०.३६. लसीने कॅन्सर टळतो हे जगात पहिल्यांदा तिथे दिसलं. तुमच्या बहिणीच्या बाळाच्या बाबतीत मी इतका घाईला का आलोय, ते यावरून लक्षात येईल.

मामांचे मिरजेचे कागद फेकले नसतील तर जपून ठेवा, आईच्या डॉक्टरांना ते लागतील. आईचे सगळे रिपोर्ट एका वहीत तारखेप्रमाणे चिकटवा, प्लेटलेट आणि एसजीपीटीचे आकडे समासात मोठ्या अक्षरांत लिहा, आणि प्रत्येक दवाखान्यात तीच वही उघडा. बहिणीचा एचबीएसएजी रिपोर्ट हातात आला की मला कळवा. निगेटिव्ह असला तरी कळवा.